लांबचा विमानप्रवास, नवा गुडघा आणि पायातील गुठळीची धास्ती

प्रश्न : माझे वय ६६ आहे. आम्ही नाशिकला राहतो. मुलीच्या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात मी आणि माझे यजमान मुंबईहून थेट विमानाने न्यू जर्सीला जाणार आहोत. विमानातच पंधरा तासांहून अधिक वेळ बसावे लागेल. माझ्या उजव्या गुडघ्याचे रोपण झाले असून निघण्याच्या दिवशी त्याला साडेतीन महिने पूर्ण होतील. डाव्या पायावर बऱ्याच वर्षांपासून फुगलेल्या निळ्या शिरा आहेत, दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि वजनही जास्त आहे. गेल्या वर्षी माझ्या चुलत जावेला अशाच प्रवासानंतर पायात गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. तेव्हापासून मी धसका घेतला आहे. भाचा म्हणतो, आदल्या रात्री ॲस्पिरिनची एक गोळी घे, काही होत नाही. यजमान म्हणतात, बिझनेस क्लासचे तिकीट काढू किंवा मध्ये दुबईला थांबू. मुलीला यातले काही सांगितलेले नाही, कारण तिला आठवा महिना आहे. मी जावे की नाही?
एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पत्रात लिहिले आहे तेवढेच तुमच्या प्रकृतीचे चित्र असेल, तर जायला हरकत दिसत नाही. मात्र निघण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एकदा प्रत्यक्ष भेटणे आवश्यक आहे, कारण मी तुमचा पाय पाहिलेला नाही आणि तो पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाहीत अशा दोन-तीन गोष्टी पुढे येतील. तुमच्या पत्रात सगळी काळजी विमानातल्या पंधरा तासांची आहे. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती उतरल्यानंतरच्या पंधरा दिवसांची.

शिरेत गुठळी का होते, याचे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकातील जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिसूत्रीत आजही सापडते. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही ती तीन कारणे होत. पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवण्यासाठी शरीराकडे वेगळा पंप नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि शिरांमधील एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांमुळे रक्त वरच सरकते. माणूस तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसला की हा पंप बंद पडतो, त्यातच खुर्चीची पुढची कड गुडघ्यामागची शीर दाबून धरते, आणि पोटरीच्या खोल शिरांमधले रक्त साचल्यासारखे होते. तिथे तयार झालेल्या गुठळीचा तुकडा सुटला, तर तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. तुमच्या जाऊबाईंचे नेमके हेच झाले.

यात विमानाचा दोष आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले सुरू असताना लोक भुयारी आश्रयस्थानांत रात्र रात्र कापडी आरामखुर्च्यांत बसून काढत, आणि त्यांच्यापैकी काहींचे फुप्फुसातील गुठळीने मृत्यू झाल्याचे कीथ सिम्पसन या न्यायवैद्यकतज्ज्ञांनी त्याच वर्षी नोंदवले होते. त्या खुर्च्यांची लाकडी पट्टी मांडीच्या मागच्या बाजूस रुतत असे. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद जॉन होमन्स यांनी बराच काळ बसून राहिल्यानंतर झालेल्या गुठळ्यांची उदाहरणे प्रसिद्ध केली, त्यांत विमानप्रवासी होते, तसेच मोटारीने प्रवास करणारे आणि नाटक पाहायला बसलेलेही होते. १९७०च्या दशकात 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हा शब्द आला आणि दोष जणू स्वस्त तिकिटाचा आहे असा समज रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने चित्र पुष्कळ स्पष्ट केले. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे, बस वा मोटार. रात्रभर बसून पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या बसमधल्या प्रवाशालाही हे लागू आहे, फक्त त्याला कोणी घाबरवत नाही.

'दुप्पट' हा शब्द ऐकून दचकू नका. मूळ आकडा लहान असेल तर त्याची दुप्पटही लहानच राहते. त्याच अभ्यासानुसार, निरोगी माणसाच्या बाबतीत चार तासांहून लांबच्या सुमारे ६,००० प्रवासांमागे एकाला अशी गुठळी होते. पॅरिसच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उतरता क्षणीच गंभीर होणाऱ्या फुप्फुसातील गुठळ्यांचा होता. १०,००० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात त्यांचे प्रमाण दहा लाखांमागे ४.८ आढळले आणि ५,००० किलोमीटरहून कमी प्रवासात ते नगण्य होते. तुमचा प्रवास सुमारे १२,५०० किलोमीटरचा आहे, म्हणून तो लांब या वर्गात मोडतो हे खरे, पण तरीही आकडा काय आहे तो पाहा.

अर्थात तुम्ही 'निरोगी माणूस' या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही, आणि म्हणूनच पत्राचे उत्तर एका परिच्छेदात संपत नाही. साठीच्या पुढचे वय आणि जास्त वजन या दोन्हींनी धोका थोडा थोडा वाढतो. फुगलेल्या शिरा त्वचेलगतच्या असतात. त्यांच्यात सूज येऊन गाठ होण्याची शक्यता अधिक असते, मात्र खोल शिरांच्या गुठळीत त्यांचा वाटा तुलनेने लहान आहे. खरा मुद्दा गुडघ्याचा. सांधेरोपणानंतरचे पहिले काही आठवडे गुठळीच्या दृष्टीने फार जोखमीचे असतात, म्हणूनच तेव्हा तुम्हाला रक्त गोठू न देणारी गोळी किंवा पोटात इंजेक्शने दिली गेली असतील. तीन महिन्यांनंतर ही जोखीम पुष्कळ ओसरलेली असते. तुम्ही सहाव्या आठवड्यात निघणार असता, तर मी तिकीट पुढे ढकला असेच लिहिले असते. साडेतीन महिन्यांनी, चालणे सुधारलेले असताना निघणे हा वाजवी निर्णय आहे.

आता जाऊबाईंविषयी एक सांगतो, म्हणजे निम्मा धसका उतरेल. गुठळी होण्याची प्रवृत्ती काही घराण्यांत आनुवंशिक असते आणि आई, वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला अशी गुठळी झाली असेल तर डॉक्टर ती बाब गंभीरपणे घेतात. चुलत जाऊ ही कितीही जिवाभावाची असली तरी रक्ताच्या नात्यातली नव्हे. तिचा आजार तुमच्या रक्तात नाही. मात्र तुमच्या माहेरी कोणाला पाय सुजून गुठळी झाली होती का, बाळंतपणानंतर कोणी अचानक दम लागून गेले होते का, हे वडीलधाऱ्यांना जरूर विचारा आणि तसे काही असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःला पूर्वी कधी गुठळी झाली असेल, तर ती माहिती सर्वांत महत्त्वाची.

भाच्याच्या गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नका. ॲस्पिरिन रक्तातील चकतीसारख्या कणांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकांना चिकटू देत नाही. हृदयाच्या धमन्यांत वेगाने वाहणाऱ्या रक्तात होणाऱ्या गुठळ्यांवर तिचा उपयोग मोठा आहे. शिरेतल्या संथ रक्तात होणारी गुठळी मुख्यतः फायब्रिन या तंतूंची असते आणि तिथे ॲस्पिरिनचा प्रभाव दुबळा पडतो. गुडघेरोपणानंतर काही शल्यविशारद ठरावीक आठवडे ॲस्पिरिन देतात हे खरे, पण तो देखरेखीखालचा उपचार आहे, प्रवासाच्या आदल्या रात्रीचा अंगारा नव्हे. लांबच्या प्रवासात केवळ गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नये, असेच छातीच्या आजारांच्या अमेरिकन तज्ज्ञांच्या २०१२ सालच्या मार्गदर्शनातही सुचवले आहे. या वयात जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र नक्की वाढतो. यजमान हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असतील तर त्यांनी ती बंद करायची नाही, तो विषय वेगळा. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांच्या कर्करोगावर उपचार चालू आहेत किंवा ज्यांची शस्त्रक्रिया अगदी अलीकडे झाली आहे, अशा काहींना प्रवासापुरते हेपॅरिन जातीचे, म्हणजे रक्त गोठू न देणारे, इंजेक्शन किंवा रक्त पातळ करणारी नवी गोळी दिली जाते. तुम्हाला तिची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याच्या पहिल्या दोन प्रश्नांपैकी एक समजा.

बिझनेस क्लासचे तिकीट आनंदाने काढा, पण ते औषध म्हणून काढू नका. तिथे पाय लांब करता येतात, हे नव्या गुडघ्यासाठी सुखाचे आहे, तरी न हलता झोपून राहिलेल्या माणसाची पोटरी तिथेही निष्क्रियच असते. दुबईच्या थांब्याचेही तसेच आहे. थोड्या काळात एकापेक्षा अधिक विमानप्रवास केले तर धोका कमी न होता वाढतो असे दिसून आले आहे, शिवाय दुबईहून पुढचा टप्पाही तेरा-चौदा तासांचाच उरतो. थांबायचेच असेल तर विमानतळावरच्या खुर्चीत तीन तास बसण्याऐवजी तिथे एक-दोन रात्री मुक्काम करून हिंडण्याफिरण्याला अर्थ आहे.

ज्या उपायामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे तो दिसायला अगदी साधा आहे : गुडघ्याखालपर्यंतचे दाब देणारे मोजे. अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण पाहिले, तर २,६००हून अधिक प्रवाशांपैकी पन्नास जणांच्या खोल शिरांमध्ये लक्षणे नसलेल्या गुठळ्या आढळल्या, त्यांतल्या ४७ जणांनी मोजे घातलेले नव्हते आणि केवळ तिघांनी ते घातले होते. या मोज्यांचा दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जातो. प्रवासासाठी घोट्यापाशी १५ ते ३० मिलिमीटर पारा इतका दाब पुरेसा असतो आणि तो पाकिटावर छापलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून मिळालेले पांढरे मोजे कपाटात पडले असतील, ते वापरण्याचा मोह टाळा. ते अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी बनवलेले असतात, आणि एव्हाना त्यांची ओढही सैल झाली असेल.

पण इथेच तुमच्या बाबतीत थांबून विचार करायला हवा, कारण तुम्हाला मधुमेह आहे. दहा वर्षांच्या मधुमेहात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. ज्या पायात मुळात रक्त कमी पोहोचते त्यावर घट्ट मोजा चढवला तर जखम होऊ शकते, आणि संवेदना नसेल तर ती कळतही नाही. म्हणून मोजे विकत घेण्याआधी डॉक्टरांकडून पावलावरच्या नाड्या तपासून घ्या. आवश्यक वाटल्यास ते घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतील. हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यांनी होकार दिला तर दोन्ही पायांची मापे सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना, वेगवेगळी घ्यायला सांगा, कारण शस्त्रक्रिया झालेला पाय अजून किंचित जाड असू शकतो. मोजा वरच्या टोकाला कधीही दुमडू नका. दुमडलेली कड परकराच्या नाडीसारखी आवळते आणि मूळ हेतूच उलटा होतो. चार दिवस आधी घरात घालून पाहा, निदान घालायला किती वेळ लागतो आणि कोणाची मदत लागते हे तरी कळेल. साडीखाली ते दिसतही नाहीत, हे लिहायला नको, पण पूर्वी एका बाईंनी तेवढ्याच कारणाने ते नाकारले होते म्हणून लिहितो.

प्रवासाचे गणित केवळ विमानापुरते करू नका. नाशिकहून मुंबईचे विमानतळ चार तास, तिथे तीन तास, विमानात पंधराहून अधिक, उतरल्यावर रांगा आणि पुन्हा मोटार, असे मिळून जवळजवळ चोवीस तासांचे बसणे होते. त्यामुळे मोजे घरूनच घालून निघा, वाटेत गाडी दोनदा थांबवा आणि विमानतळावर चाकांची खुर्ची घेतली असली तरी तिच्यातच तीन तास बसून राहू नका. विमानात आतल्या वाटेलगतची जागा मागून घ्या. तुमचा उजवा गुडघा नवा आहे, तेव्हा वाट तुमच्या उजव्या हाताला येईल अशी जागा निवडलीत तर तो पाय अधूनमधून लांब करता येईल, फक्त खाद्यपदार्थांची गाडी येताना तो आत घ्यायला विसरू नका. पुढच्या खुर्चीखाली पिशव्या कोंबू नका, ती पावलांची जागा आहे. जागे असताना दर अर्ध्या तासाने टाच टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला, असे वीस-पंचवीस वेळा करा आणि दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. झोपेची गोळी नको. तिने येणारी झोप इतकी गाढ असते की माणूस सहा तास कूसही बदलत नाही.

पाण्याबद्दल थोडे. विमानातील हवा फार कोरडी असते हे खरे, परंतु पुष्कळ पाणी प्यायल्याने गुठळी टळते असा ठाम पुरावा नाही. तरीही बेताचे पाणी पीत राहा, आणि स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणीच न पिण्याची जी सवय आपल्याकडच्या अनेक स्त्रियांना असते ती इथे सोडा. उलट त्या निमित्ताने उठणे होईल, तोच मोठा फायदा.

आता पंधरा दिवसांकडे येतो. प्रवासानंतरच्या गुठळीचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे आठेक आठवड्यांत ओसरतो. नेमक्या याच दिवसांत तुम्ही मुलीच्या घरी असाल, झोपेच्या वेळा उलटसुलट झालेल्या असतील, घरात बाळ येऊ घातलेले किंवा आलेले असेल, आणि पाय दुखला तर 'प्रवासाने दुखतोय' असे म्हणून कोणीतरी तेल कोमट करून आणील. कृपा करून ते तेल परत पाठवा. दोन्ही पावले सारखी सुजली असतील आणि एक-दोन दिवसांत सूज उतरली तर चिंता नको. पण एकच पाय सुजला, पोटरी टणक झाली, दाबल्यावर किंवा चालताना दुखू लागली, त्वचा गरम किंवा लालसर झाली, तर तो पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही आणि त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, होईल अशा ठिकाणी जायचे. अचानक दम लागणे, खोल श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता ९११ला, म्हणजे अमेरिकेतील आपत्कालीन क्रमांकाला, फोन करायचा. वेळेत निदान झाले तर गुठळीवर आज चांगले उपचार आहेत.

तुमची एक अडचण मला दिसते : उजवा पाय शस्त्रक्रियेमुळे आधीच थोडा सुजलेला असेल, तर नवी सूज ओळखायची कशी? निघण्याच्या आदल्या सकाळी शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली टेप गुंडाळायची. आकडे वहीत लिहून ती वही आणि टेप हातातल्या पिशवीत ठेवा. एरवी दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक डॉक्टर संशयास्पद मानतात. तुमच्या बाबतीत तुलना आधीच्या आकड्यांशी करता येईल. निघण्यापूर्वीच हा फरक मोठा असेल किंवा पोटरी दुखत असेल, तर डॉपलर इथेच करून घ्या, एरवी त्याची गरज नाही. प्रवासविमा काढताना गुडघा आणि मधुमेह दोन्ही लिहून द्या. अमेरिकेत तातडीच्या विभागाचे बिल पाहून दुसऱ्यांदा दम लागतो.

राहता राहिली मुलगी. तिला काही सांगितले नाही, ही तुमची माया समजते, पण इथे ती चुकीच्या जागी आहे. गुठळीचा धोका गरोदरपणात वाढलेला असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो, सिझेरियन झाले तर आणखी. म्हणजे तुम्ही ज्या घरी चालला आहात तिथे तुमच्याहून अधिक जोखीम तुमच्या मुलीलाच असू शकते. डिंकाचे लाडू अवश्य न्या, पण बाळंतिणीने सव्वा महिना अंथरुणावरून उठू नये हा नियम सोबत नेऊ नका. तिथले डॉक्टर तिला पहिल्याच दिवसापासून उठवून चालायला लावतील, तुम्ही त्यांना साथ द्या. तिचाही एकच पाय सुजला किंवा तिला दम लागला, तर तो बाळंतपणाचा थकवा मानायचा नाही. याच आठवड्यात तिला आणि जावयांना फोनवर हे सारे सांगा, म्हणजे तुमचा पाय दुखला तर तुम्ही लपवणार नाही आणि तिचा दुखला तर ती. आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यायला उद्याच फोन करा, मोजे मापाने मागवायला आठवडाभर जाऊ शकतो.